आधी कुंकू, मग अक्षरं

पाकीट छापायला आलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचं दुकान टाकलं होतं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि भिंतीवर कॅलेंडर. नवरा शाळेत शिकवायचा आणि मी दिवसभर लोकांचे अर्ज, बायोडाटे, प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. कागद छापायचा तर ते मशीन गाईसारखं गरीब होतं. पाकीट घातलं की तेच मशीन माझ्याशी जन्माचं वैर असल्यासारखं वागायचं.

लोकांना वाटतं, पाकीट म्हणजे दुमडलेला कागद, त्यात काय एवढं. अहो, कागद सगळीकडे सारखाच जाड असतो. पाकीट एका जागी दोन पदरी, जोडावर तीन पदरी, झाकणाच्या टोकाशी आणखी जाड, आत हवा आणि वरून डिंक. मशीनच्या पोटात एक तापलेला रोलर असतो. अक्षरांची काळी पूड तो वितळवून कागदावर बसवतो. पण काय वितळवायचं आणि काय नाही हे त्याला कळत नाही. एकदा एका ऑफिसच्या शिपायाने प्लॅस्टिकच्या खिडकीची पाकिटं आणून दिली होती. ‘लावा मॅडम, काई होत नाही’ म्हणाला. त्याला काही झालं नाही, हे खरं. मी मात्र दुपारभर चिमट्याने ते प्लॅस्टिक खरवडत बसले.

तेव्हापासून मी नियम केले आणि ते कुणाचंही ऐकून मोडले नाहीत. पाकीट साधं हवं, पातळ हवं, दाबलं की सपाट बसणारं हवं. चकचकीत नको, उठावाची नक्षी नको, सोनेरी वर्ख नको, दोरा नको, खिडकी नको. जोड तिरपे असले तर उत्तम, कारण तोंडाशी जाड शिवण आली की मशीन ते तिरपं ओढतं. गठ्ठा आधी पत्त्यांसारखा झटकायचा, मग तळव्याने दाबून हवा काढायची, पुढची कड पट्टीने घासून बसवायची. मशीनचं मागचं दार उघडं ठेवायचं, म्हणजे पाकिटाला आत वळणं घ्यावी लागत नाहीत, ते सरळ मागून बाहेर पडतं. पुढच्या फटीतून एकेक घालायचं, झाकण मिटलेलं, अरुंद बाजू आधी, दोन्हीकडचे गाइड अंगालगत पण घट्ट नाहीत. एवढं सगळं केलं की दहातली आठ-नऊ नीट यायची. उरलेल्यांवर सुरकुती पडायची आणि गिऱ्हाईक नेमकं तेवढंच उचलून दाखवायचं.

आणि त्या वर्षांत पाकिटांचं काम फार यायचं. वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात असायचं. कुठकुठल्या समित्या, पाहणी पथकं आणि चर्चासत्रवाले अमरावतीत येऊन उतरत. कापसाचं काय झालं, माणसांचं काय झालं, यावर बोलायला लांबलांबचे विद्वान बोलवत आणि त्यांच्या निमंत्रणांची पाकिटं माझ्याकडे येत. त्यात लोडशेडिंग. लाइन कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लाइन त्या वेळापत्रकाला जुमानायची नाही. कॉम्प्युटर यूपीएसवर थोडा वेळ तग धरायचा, पण प्रिंटर त्यावर लावला की तो रोलर तापायला जी वीज ओढायचा, तिने यूपीएस किंचाळून बंद पडायचा. म्हणजे लाइन आहे तोवरच पाकिटं. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

अशातच धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

माहेर अकोल्याचं. बाबा एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजायचे. जिनिंग आधी अर्धा हंगाम चालायला लागलं, मग थोडेच दिवस, मग मालकाने कुलूप लावलं. बाबा घरी बसले. नवरा मुलगा परतवाड्याचा, तिथून मेळघाटाकडे जाणारी प्रवासी जीप चालवणारा, स्वभावाने चांगला. पण लग्न आपापलं करायची ऐपत दोन्हीकडे नव्हती. म्हणून अकोल्यात होणाऱ्या सामूहिक विवाह मेळाव्यात नाव नोंदवलं. मांडव मेळाव्याच्या समितीचा, जेवण समितीचं, भटजी समितीचे आणि पत्रिकाही समितीचीच.

ती पत्रिका मी पाहिली तेव्हा माझ्या मस्तकाची शीर उठली. पुढच्या पानावर पुढाऱ्यांचे फोटो, आत प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, स्वागतोत्सुक, विनीत. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत जोडप्यांची यादी, आधी नंबर आणि मग नावं. माझी बहीण कुठे आहे हे शोधायला मला चष्मा लावावा लागला. माझं लग्न बरे दिवस असताना झालं होतं. माझ्या पत्रिकेवर पहिल्याच पानावर माझं नाव होतं, लाल अक्षरांत. ते आठवून मला जास्तच राग आला.

बहीण रागावली नव्हती. मांडव, जेवण, भांडी, कशाबद्दलच ती बोलली नाही. पण फोनवर हळूच म्हणाली, “ताई, मले एकच पायजे. पाकिटं तुह्या मशीनवर छाप. वर पाहुन्याचं नाव असू दे, पन खाली कोपऱ्यात बाबाचं नाव नको. माह्यं अन् त्यायचं पायजे, दोघायचं. आतमंदी कोनतीबी पत्रिका असू दे. कोनाच्या लग्नाचं बोलावनं हाय, हे पाकिटावर तं दिसलं पायजे.”

आमच्याकडे पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात बापाचं नाव असतं. मुलीचं कुणी घालत नाही. पण अख्ख्या लग्नात तिच्या एकटीचं म्हणावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, “ये घेऊन. मी देते छापून.” पाकिटांच्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून हो म्हटलं.

वैशाखाच्या उन्हात आई आणि ती अमरावतीला आल्या. आम्ही इतवारा बाजारात कागदाच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा माझ्या ओळखीचे. कागद मी त्यांच्याकडूनच न्यायची. त्यांनी लग्न म्हटल्यावर लगेच वरच्या फळीवरची पाकिटं काढली. सोनेरी गणपती उठून आलेला, कडेला वेलबुट्टी, झाकणाला रेशमी गोंडा. बहिणीचे डोळे तिथेच अडकले.

“हे नाही चालत,” मी म्हटलं. “हा वर्ख रोलरले चिकटीन. गोंडा आत अडकला तर मशीन खोलावं लागीन.”

“शादी का माल हाय बेटा,” चाचा म्हणाले. “शादीत गोंडा नाही लावाचा तं कधी लावाचा?”

“चाचा, मशीन तुमची आहे का?”

“मशीन तुमची, नखरे मशीनचे, अन् बोलनं मले काहून?” ते हसत म्हणाले आणि त्यांनी माझी नेहमीची साधी पांढरी पाकिटं पुढे सरकवली.

बहिणीने त्यातलं एक हातात धरलं. “ताई, हे तं नोटिशीचं पाकीट दिसते.”

चाचांनीही मान हलवली. “बात तो सही है पोट्टीकी.”

बात सही होतीच. त्या दिवसांत गावागावांत छापील पत्त्याचं पांढरं पाकीट, म्हणजे बहुधा कर्जाची नोटीस, घरात आलं की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि वाचता येणारं कुणीतरी शोधायच्या. हाताने लिहिलेलं पाकीट माणसाचं असायचं, मशीनने छापलेलं कचेरीचं. मला हे कळत होतं. पण माझं मशीनही मला कळत होतं, आणि उन्हातून आल्यामुळे डोकं आधीच तापलेलं होतं. मी ओरडले, “सुंदर पाकीट पायजे का छापलेलं पायजे, ते सांग. दोन्ही भेटत नाही!”

तिने गोंड्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ते पाकीट परत ठेवलं. मला वाईट वाटलं. पण तोंडातून काही गोड निघालं नाही. शेवटी चाचांनीच आतून फिक्या पिवळ्या रंगाची, साधीच पण जरा बऱ्या कागदाची पाकिटं शोधून आणली. मी जोड पाहिले, डिंक पाहिला, एक पाकीट दाबून पाहिलं. चालण्यासारखी होती. वर छोटा गणपती मशीननेच काढते, असं मी बहिणीला कबूल केलं.

घरी आल्यावर लाइन होती. मी एक पाकीट करून पाहिलं. वर मध्यभागी गणपती, खाली पाहुण्यांचं नाव-गाव आणि डाव्या कोपऱ्यात तिची आणि त्याची, अशी दोन नावं एकाखाली एक. मागच्या दारातून पाकीट बाहेर आलं, कोमट, सपाट, एकही सुरकुती नाही. बहिणीने ते दाराशी उजेडात नेलं. आपल्या नावावर बोट घासून पाहिलं. अक्षर निघालं नाही. ते पाकीट बराच वेळ तिने खाली ठेवलं नाही.

आईने मात्र तोंड वाकडं केलं. “पोरीचं नाव आंधी, अन् बापाचं नावच नाही. लोक काय म्हनतीन?”

“लोक म्हनतीन, पोरीचं लग्न हाय,” मी म्हटलं आणि कामाला लागले.

त्या संध्याकाळी माझं नशीब जोरावर होतं. एकेक पाकीट घालत होते आणि एकेक नीट निघत होतं. बहीण शेजारी बसून बघत होती. कसं झटकायचं, कसं दाबायचं, गाइड कुठे लावायचे, सगळं विचारून घेत होती. अर्धी पाकिटं झाली आणि लाइन गेली. वेळापत्रकात त्या वेळी लाइन जाणार असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातच मला एका चर्चासत्रवाल्यांकडे मजकुराचा कागद दाखवायला जायचं होतं. त्यांची पाकिटं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. म्हटलं, लाइन येईपर्यंत हे उरकून येऊ. स्कूटी काढली आणि गेले.

ते चर्चासत्रवाले गृहस्थ तासभर मला एकाच ओळीवर घेऊन बसले. ‘शेतीचे अरिष्ट’ म्हणावं की ‘कृषी अरिष्ट’ म्हणावं, यावर त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्याचं एकमत होईना. मी पंख्याविना खुर्चीवर घाम पुसत बसले होते. शेवटी त्यांनी ‘उद्या सांगतो’ म्हटलं. बाहेर आले तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. लाइन आली होती, आमच्या गल्लीत तर केव्हाच आलेली असणार. मी स्कूटी पिटाळली.

घरात पाऊल टाकलं आणि वास आला. जळलेला नव्हे, देवघरात येतो तसा, तापलेल्या कुंकवाचा.

झालं होतं असं. मी गेल्यावर आईने अंधारात बसून हळद आणि कुंकू वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात कालवलं आणि सगळ्या पाकिटांना लावलं. पुढच्या चारही कोपऱ्यांना आणि मागे झाकणाच्या टोकाला एक ओलं बोट. छापलेल्यांना लावलं ते लावलंच, पण उरलेल्या अर्ध्या कोऱ्यांनाही लावलं. मग गठ्ठा सपाट राहावा, असं मी म्हणत होते ना, म्हणून त्यावर पाट ठेवला आणि पाटावर कणकेचा डबा. लाइन आल्यावर बहिणीला वाटलं, ताईची तेवढीच मदत. तिने एकेक पाकीट घालायला सुरुवात केली. माझं पाहून शिकली होती, तेव्हा झटकलं, दाबलं, गाइड लावले, सगळं अगदी बरोबर केलं.

नावंही छापली गेली होती. पण वाळलेल्या कुंकवाची पूड आत सांडत गेली होती. रोलर लाल, ट्रे पिवळा, आणि प्रत्येक पाकिटावर थोड्या थोड्या अंतराने लालसर पट्टा उमटत गेलेला. शेवटचं पाकीट आत अडकलं होतं, घडीच्या पंख्यासारखं दुमडून. आणि सगळ्यात कहर म्हणजे झाकणं. ओल्या बोटाने डिंक आधीच भिजलेला, पाटाखाली तो दाबला गेलेला, आणि त्या तापलेल्या रोलरने उरलेलं काम चोख केलं. बहिणीने घातलेली सगळी पाकिटं आपोआप बंद झाली होती. नखाने उचकलं तर झाकण फाटायचं.

“कोऱ्या पाकिटाले काहून लावलं?” मी आईवर ओरडले. “छापून झाल्यावर लावाचं ना! मशीनची वाट लावली तुनं!”

आई शांतपणे म्हणाली, “बाई, कोऱ्या पाकिटावर मशीनची अक्षरं पायली का मानसाच्या पोटात गोळा येते. तुले मालूम नाही का, आजकाल घरी काय काय छापून येते ते. शुभाचं पाकीट आंधी शुभ करावं लागते. आंधी कुकू, मंग अक्षरं.”

मी प्रिंटरचं झाकण उघडून आत ओल्या फडक्याने पुसत होते आणि मला रडू येत होतं. मशीनसाठी येत होतं, दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी येत होतं, आणि सगळ्यात जास्त बहिणीसाठी. ती कोपऱ्यात बसून बंद पाकिटं एकेक करून उचकायचा प्रयत्न करत होती. फाटलं की बाजूला ठेवायची आणि दुसरं घ्यायची. शेवटी मी तिच्या हातातून गठ्ठा काढून घेतला. “सोड. फेकून दे कचऱ्यात. उरलेल्यांची नावं मी नवीन पाकिटांवर हातानं लिहून देईन.”

“हातानं लिव्हलं तं खालीबी लिव्हशीन?” तिने विचारलं. “दोघायचं?”

“लिहीन.”

पण तिला ते तसं नको होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. छापलेलं हवं होतं. पत्रिकेवर छापतात तसं.

कचऱ्यात टाकायला आईने साफ नकार दिला. “हळदकुकवाचं पाकीट कचऱ्यात टाकतेत काय? वरतून गनपती हाय त्याच्यावर. घरी नेऊन मोर्नेत सोडू.” मोर्णा नदीला त्या दिवसांत पाणी नावालाच होतं, सगळी बेशरमाची झाडं माजलेली. पण वादाला माझ्यात जोर नव्हता. नीट छापलेल्यांचा एक गठ्ठा, वाया गेलेल्यांचा एक, असे दोन्ही आईने दोऱ्याने बांधून एका पिशवीत ठेवले.

मशीन दुसऱ्या दिवशीही सुधारलं नाही. चर्चासत्रवाल्यांची पाकिटं मला दुसऱ्या दुकानातून, त्या दुकानदाराची बोलणी खाऊन, करून घ्यावी लागली. त्यांनी अखेर ‘कृषी अरिष्ट’ ठरवलं होतं. आई आणि बहीण ब्लाउज शिवून घ्यायला आणि बांगड्या भरायला दोन दिवस माझ्याकडेच राहणार होत्या. म्हणून ती पिशवी मी अकोल्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि बाबांना स्टँडवर जाऊन घ्यायला सांगितलं. म्हटलं, नीट छापलेल्या पाकिटांत पत्रिका घालायला तरी ते सुरुवात करतील. बाकीची पाकिटं बहीण जाईल तेव्हा मी हाताने लिहून पाठवीन.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला.

“बाबा, पाकिटं भेटली?”

“भेटली. वाटून बी आलो.” बाबांचा आवाज कितीतरी महिन्यांनी खुलला होता. “बाळापूर झालं, बार्शीटाकळी झाली. सायकल अन् एसटी, दोन्ही वापरले. दाढी केली, टोपी घातली. घरोघर चहा पेलो.”

“सगळ्यांत पत्रिका घातल्या ना?”

“उघड्या होत्या त्यायच्यात घातल्या. बाकीची तं तुमी आंधीच पॅक करून धाडली होती. ती पह्यले वाटली.” मग जरा थांबून ते म्हणाले, “पन पत्रिका लय उरल्या, बाई. समितीवाल्यायनं जास्त देल्ल्या काय?”

मी तिथेच बाकावर बसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. नदीत सोडायची पाकिटं बाबांनी घरोघर वाटली होती. वर गणपती, पाहुण्याचं नाव, कोपऱ्यांना हळदकुंकू, खाली नवरा-नवरीची नावं, आणि आत काहीच नाही. मी बाबांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “आता का घरोघर जाऊन सांगू, का आतमंदी काई नाही म्हून? राहू दे. नाव घालून धाडलं, कुकू लावलं. यायचं असंन तो येईन.”

त्यांना आणखी बोलणं माझ्याच्याने झालं नाही. जिनिंग बंद झाल्यापासून ते पहिल्यांदा कामासाठी म्हणून घराबाहेर पडले होते. माझा सगळा राग माझ्यापाशीच राहिला आणि तो मी नवऱ्यावर काढला.

लग्नाच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात मोठा मांडव होता. लाउडस्पीकर कानाशी, ऊन डोक्यावर. नवऱ्या एका ओळीत, नवरदेव समोरच्या ओळीत. सगळ्याजणींच्या साड्या एकाच रंगाच्या आणि प्रत्येकीच्या छातीशी सेफ्टी पिनने लावलेला पुठ्ठ्याचा नंबर. माझी बहीण त्या ओळीत बसली होती आणि लांबून मला ती पटकन ओळखूच आली नाही. स्टेजवर भाषणं चालली होती. बळीराजा, संकट, धीर, खंबीर, आणि पुन्हा बळीराजा. मुहूर्त टळत होता आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

आमचे पाहुणे येतील की नाही, याची मला धाकधूक होती. आले. सगळे आले. समितीची जीप आठवडाभर गावागावांतून मेळाव्याची दवंडी पिटत फिरत होती, त्यामुळे दिवस आणि जागा सगळ्यांना माहीत होतीच. आमच्यासारख्यांचं लग्न त्याच मेळाव्यात असणार, हे कुणी सांगायला नको होतं, आणि कुणाचं, ते पाकिटावरच्या नावांनी कळलं होतं. बाळापूरचे मोठे मामा तर ते पाकीट हातात धरूनच आले. एका बाजूने फाडलेलं, लाल पट्टा उमटलेलं.

“कोनं धाडलं हे?” त्यांनी मांडवातच विचारलं. मी सांगायला लागले की मामा, मशीनमध्ये असं झालं, कुंकू असं लागलं, डिंक असा वितळला. त्यांनी हात वर केला.

“राहू दे तुही मशीन. औंदा माह्यापाशीबी आहेराले काई नाही. बायकोले म्हनलं, कोनत्या तोंडानं जाऊ? मंग पाकीट फोडलं तं आतमंदी कायीच नाही. म्हनलं, झालं काम. तुमी रिकामं धाडलं, आमी रिकामंच आनलं. फिटंफाट!”

आजूबाजूचे सगळे हसले. मामांच्या मागे उभे असलेले बार्शीटाकळीचे पाहुणेही हसले आणि त्यांनीही खिशातून आपलं फाडलेलं पाकीट काढून दाखवलं. बाबा हसले. आईने पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले आणि हसता हसता माझे डोळे भरले, कारण ‘औंदा काही नाही’ हे म्हणायची पाळी मामांवर कधी आली नव्हती.

मामांनी ते पाकीट नवरीच्या ओळीपाशी नेलं आणि बहिणीच्या ओटीत ठेवलं. “घे बाई, तुह्यं तुले.” तिने ते पाहिलं. मग खालचा कोपरा, दोन नावांचा, हळूच फाडला. आजूबाजूला पाहिलं. छातीवरची पिन काढली, नंबरावर तो पिवळा तुकडा ठेवला आणि पिन परत लावली.

समितीचा एक कार्यकर्ता ओळीतून नंबर तपासत आला आणि तिच्यापाशी थांबला.

“ताई, तुमचा नंबर झाकला.”

“मांगं हाय नंबर,” ती म्हणाली.

“मांगं कसा चालीन? गुरुजी नंबर पाहूनच जोडी लावतेत.”

“गुरुजीले वाचता येते ना?” ती म्हणाली. “मंग नाव वाचा म्हना.”

तो काही पुटपुटत पुढे गेला. मी जवळ जाऊन तिची पिन सारखी केली. त्या तुकड्यावरची नावं जरा तिरपी छापली गेली होती. माझ्या हातचं पाकीट नव्हतं ते, तिने एकटीने मशीनमध्ये घातलेल्या पाकिटांतलं होतं.